कृष्णराजनगर किती लांब?

म्हैसूरच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, कृष्णराजनगर नावाचे एक लहानसे गाव आहे. महाराष्ट्रातील पुष्कळांनी त्याचे नावही ऐकले नसेल. मूळ गाव येडतोरे. अर्केश्वराचे जुने देऊळ तेथे अद्याप आहे. नदीच्या पुराचे भय नित्याचेच होते, म्हणून १९२० नंतरच्या दशकात थोड्या उंच जागी नवे गाव वसविण्यात आले आणि त्याला त्या वेळचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांचे नाव मिळाले. भोवती कालव्याच्या पाण्यावर पोसलेली भाताची शेते आहेत. त्या जिल्ह्याचे लोक या तालुक्याला भाताचे कोठार म्हणतात ते उगीच नव्हे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, या गावी दिलेली आहे. तिच्या सासरची मंडळी मराठी. जुन्या म्हैसूर संस्थानात अशी मराठी कुटुंबे गावोगाव आढळतात. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलावयाचे, देवघरात विठोबा ठेवावयाचा आणि उंबऱ्याबाहेर चामुंडीची जत्रा करावयाची, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार आहे.

हे घरगुती प्रास्ताविक करण्याचे कारण असे की, या गावाचे पुण्यापासूनचे अंतर मी एकदा चुकीचे सांगितले. आकडा बरोबर होता, तरीही ते चुकले. माझे सारे आयुष्य मुलांना भूगोल शिकविण्यात गेलेले असल्यामुळे ही चूक मला अधिकच लागली, आणि आजचे हे भाषण पुष्कळसे त्या चुकीविषयीच आहे.

गोष्ट २०१६ सालच्या फेब्रुवारीतली. पुण्यास आमच्या घरी वडील अंथरुणाला खिळले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. डॉक्टरांनी त्या दिवशी सकाळी मला बाजूला घेऊन, कोणाला बोलवावयाचे असेल तर बोलवून घ्या, एवढेच सांगितले. मी आक्काला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "विमानानं येते. किती वेळ लागेल रे?" मी तिला म्हणालो, थांब, सांगतो, आणि भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल अशा उत्साहाने कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हिशेब अवघड नाही. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, कृष्णराजनगर साडेबारा अंशांच्या किंचित अलीकडे. फरक सहा अंशांहून थोडा अधिक. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, तेव्हा दक्षिणोत्तर अंतर ६७६ किलोमीटरांच्या आसपास झाले. रेखांशांत फरक अडीच अंशांचा. रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जाताना आकसत जातो आणि आपल्या या पट्ट्यात तो १०७ किलोमीटर भरतो. म्हणून पूर्वपश्चिम अंतर २७० किलोमीटर आले. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण मांडला आणि त्याचा कर्ण काढला. उत्तर सुमारे ७३०. हल्लीचे प्रवासी विमान उंचावर स्थिरावले म्हणजे ताशी आठशे-सव्वाआठशे किलोमीटर जाते. म्हणजे तासदेखील लागू नये. वर चढउतारासाठी अर्धा तास धरला आणि विमानतळावर जाण्यायेण्यासाठी दोनतीन तास सढळ हाताने सोडले. मग अण्णांच्या खोलीत जाऊन मी सांगितले, "आक्का निघते आहे. सातशे तीस किलोमीटर तर अंतर. चार वाजेपर्यंत येईल."

अण्णा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. निवृत्त होऊन तीस वर्षे झाली होती, तरी वेळेची त्यांची सवय गेलेली नव्हती. घरातले कोणी पुण्याबाहेर गेले की ते उशाच्या वहीत "सुटली" म्हणून वेळ टिपीत आणि माणूस पोहोचल्याचे कळले की "आली" म्हणून दुसरी वेळ टिपीत. माझा आकडा ऐकून त्यांनी डोळे किलकिले केले. "किलोमीटर तिकिटाच्या पैशांसाठी असतात," ते म्हणाले. "सुटली का, ते सांग." ती अजून सुटली नव्हती.

माझ्या आकड्याची बाजू मी आधी मांडतो, कारण तो आकडा काही साधा नव्हे. दोन गावांमधले सरळ अंतर सांगता येते ही गोष्ट आज आपल्याला शाळकरी वाटते. परंतु तिच्यामागे केवढे कष्ट आहेत! योगायोग असा की त्या कष्टांची सुरुवात आक्काच्या गावापासून फार दूर झालेली नाही. १७९९ साली श्रीरंगपट्टणाला इंग्रजांचा शेवटचा वेढा पडला, तेव्हा त्या फौजेत विल्यम लॅम्बटन नावाचा एक अबोल अधिकारी होता. एका रात्री जनरल बेअर्डची तुकडी अंधारातून माघारी यावयास निघाली. आपण उत्तरेकडे, म्हणजे आपल्याच छावणीकडे, चाललो आहोत अशी सर्वांची समजूत होती. लॅम्बटनने आकाशातले तारे पाहून सांगितले की आपण दक्षिणेकडे, थेट शत्रूच्या दिशेने, चाललो आहोत. बेअर्डला ते पटेना. शेवटी होकायंत्र काढून पाहिले, तर तारे बरोबर आणि जनरल चूक!

श्रीरंगपट्टण पडल्यावर याच लॅम्बटनने द्वीपकल्पाची मोजणी त्रिकोणांनी करण्याची कल्पना मांडली. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने आपली आधाररेषा साखळीने मोजली आणि तेथून टेकडीवरून टेकडीकडे कोन घेत तो पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेला. मोजणीअंती असे दिसले की नकाशांत चारशे मैल रुंद दाखविलेले द्वीपकल्प प्रत्यक्षात तीनशे साठ मैलच आहे. चाळीस मैल जमीन एका फटक्यात नाहीशी झाली! त्याचे कोन मोजण्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरास ते देवळाच्या उंच शिखरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. देवालयशिल्पात त्या शिखराला 'विमान' म्हणतात, हे आजच्या विषयाच्या ओघात सांगण्याचा मोह मला आवरत नाही. लॅम्बटनने यंत्र स्वतः दुरुस्त केले आणि पुढे चौदा-पंधरा वर्षे तो उत्तरेकडे सरकत राहिला. जानेवारी १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, काम चालू असतानाच तो वारला. त्याची कबर तेथेच आहे. श्रीरंगपट्टणापासून हिंगणघाटापर्यंत हा मनुष्य सरळ रेषा मोजीत आला. माझा कर्ण त्याच्या पुण्याईवर उभा होता.

परंतु त्या कर्णावरून आक्का येणार नव्हती.

साडेबारा वाजता ती घरातून निघाली. पैशांची तजवीज, शेजारणीकडे किल्ली देणे, भाड्याची मोटार मिळविणे यांत एक तास गेला होता. एवढी तडफ मलाही दाखविता आली नसती. अण्णांनी वहीत "सुटली १२.३०" असे लिहिले. पावणेदोनला ती म्हैसुरात होती. म्हैसूरहून पुण्याला थेट विमान नव्हते. तेव्हा बंगळूर गाठणे प्राप्त होते. सव्वादोनला श्रीरंगपट्टण मागे पडले, तीन वाजता मंड्या. अण्णा दर अर्ध्या तासाने विचारीत, "कुठवर आली?" आणि मी दूरध्वनी करून सांगे. चार वाजले. माझ्या शब्दाप्रमाणे ती या वेळी आमच्या दारात असावयाची होती. प्रत्यक्षात ती रामनगरच्या अलीकडे एका उसाच्या ट्रकच्या मागे होती. पाच वाजून दहा मिनिटांनी केंगेरी आले, म्हणजे बंगळूरची वेस आली. अण्णा म्हणाले, "झालंच मग." मीही तसेच समजलो.

वेशीपासून विमानतळापर्यंत दोन तास दहा मिनिटे लागली. हे अंतर पन्नास किलोमीटरांच्या घरातले आहे. बंगळूरचे नवे विमानतळ २४ मे २००८ रोजी सुरू झाले, ते शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळीला, आणि म्हैसूरचा रस्ता शहरात शिरतो तो नैऋत्येकडून. साऱ्या नगराची रहदारी मध्ये आडवी पडलेली असते. जुने विमानतळ शहराच्या पूर्वभागात होते. तेथे जाणे काही सोपे नव्हते, तरी म्हैसूरकडच्या माणसाला ते तीसएक किलोमीटर जवळ पडे. येथे मी पुन्हा कर्ण काढून पाहिले आणि मला एक मौज आढळली. देवनहळ्ळी उत्तरेस असल्यामुळे पुण्याहून ती जुन्या विमानतळापेक्षा सुमारे वीस किलोमीटर जवळ आहे. म्हणजे २००८ साली पुणे-बंगळूर हे हवाई अंतर कमी झाले आणि कृष्णराजनगरच्या माणसाचा प्रवास वाढला. तक्ता करणाराने तक्त्यात सुधारणाच नोंदविली असती.

याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. पुणे ते देवनहळ्ळी हे हवेतले अंतर सुमारे ७२० किलोमीटर. पुणे ते कृष्णराजनगर ७३०. पुणे मध्य धरून कंपासाने वर्तुळाचा चाप काढला, तर ही दोन्ही स्थळे जवळजवळ त्याच चापावर येतात. म्हणजे आक्का साडेबारापासून रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटर आली, सात तास बसली, घामाघूम झाली, आणि पुण्याच्या अवघी दहा किलोमीटर जवळ आली! विमानाचा सारा वेग तिला उपयोगी पडणार होता तो यापुढे. ती पोहोचली तेव्हा सात वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि पावणेआठच्या विमानाची खिडकी बंद झालेली होती. अण्णांना मी हे सांगितले. त्यांना विमानाचे ज्ञान नव्हते, पण स्थिती त्यांनी ताबडतोब ओळखली. "म्हणजे गाडी आउटरला उभी आहे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पुढचे विमान पावणेअकराचे होते. वाट पाहण्याच्या त्या वेळात मी दुसऱ्या एका प्रश्नाशी झुंजत बसलो. अशा वेळी मनाला काही तरी चाळा लागतोच. ७२० किलोमीटरांना, ताशी आठशेच्या वेगाने, चोपन्न मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र दीड तास लिहिलेला. वरची छत्तीस मिनिटे कोठे जातात?

पुढे मी याची चौकशी केली. विमान दारापासून हलते तेव्हापासून दुसऱ्या दारापाशी थांबेपर्यंतचा वेळ वेळापत्रकात धरतात. धावपट्टीच्या टोकाशी जाण्यात आणि रांगेत आपली पाळी येण्यात दहापंधरा मिनिटे सहज मोडतात. देवनहळ्ळीच्या आणि पुण्याच्या लोहगावच्याही धावपट्ट्या जवळपास पूर्वपश्चिम आहेत. प्रवास मात्र वायव्येकडचा. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर उडावयाचे आणि मग वळावयाचे. लोहगाव हे मुळात हवाई दलाचे ठाणे, तेथे प्रवासी विमानांना दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखे राहावे लागते. तीन हजार मीटरांच्या खाली वेग ताशी साडेचारशेच्या आसपास ठेवण्याचा सर्वसाधारण नियम आहे. उंची गाठता गाठता दोनशे किलोमीटर सरतात, आणि उतरण्याची तयारी तितक्याच अंतरावर आधी सुरू होते. ७२० मधून हे दोन तुकडे वजा केले तर पूर्ण वेगाने जाण्यास तीनशे किलोमीटर उरतात. पळणाऱ्याला दार उघडण्यात आणि लावण्यातच धाप लागावी, तसे हे आहे.

शिवाय वारा असतो. खाली मोसमी वारा नैऋत्येकडून येत असताना बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे एक वेगवान प्रवाह वाहतो. आपल्या हवामान खात्यातील कोटेश्वरम यांनी १९५८ साली या पूर्वाभिमुख झोताविषयी प्रसिद्ध केलेला निबंध जगभर मान्यता पावला. प्रवासी विमाने बहुधा या झोताच्या खाली राहतात, तरी त्याची झुळूक त्यांना लागतेच. म्हणून त्याच दोन गावांमधली जाण्याची आणि येण्याची मिनिटे सारखी नसतात, आणि श्रावणातली मिनिटे माघातल्या मिनिटांशी जुळत नाहीत. सरळ रेषेला ऋतू नसतो. वेळेला असतो.

सरळ रेषेबद्दल एक शब्द आणखी. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे विमान भिंतीवरच्या नकाशावर उत्तरेकडे उगीच वाकलेले दिसते, आणि वर्गात मुले हटकून विचारतात की ते आडवे सरळ का जात नाही. गोलावर दोरी ताणून दाखविली की त्यांना कळते, वाकलेली तीच खरी सरळ. पुणे-बंगळूरसारख्या आखूड अंतरात या भेदाला काही किंमत नाही. तेथे वाट वाकते ती जमिनीवर.

त्या रात्री मला टाटांच्या पहिल्या हवाई टपालाची आठवण झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी टाटा कराचीहून एकट्याने लहानसे पस मॉथ विमान घेऊन निघाले, अहमदाबादवरून मुंबईस जुहूच्या मोकळ्या मैदानात उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंटने टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. बल्लारीस रात्रीचा मुक्काम झाला, कारण अंधारात उडण्याची सोय नव्हती. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा या विमानांना पुण्याला येरवड्यास यावे लागे. एक एंजिन, कापडी पंख, वेग ताशी फार तर एकशे साठ-सत्तर किलोमीटर. आता आमचा हिशेब पाहा. आक्का साडेबाराला निघाली आणि दीडच्या आत पोहोचली, म्हणजे साडेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. ७३० ला त्याने भागले तर ताशी अठ्ठावन्न किलोमीटर पडतात. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या कापडी विमानाचा सुमारे एकतृतीयांश! एकूण प्रवासातला सुमारे एकदशांश वेळ ती हवेत होती. उरलेले नऊ हिस्से तिने मोटारीत, रांगेत आणि खुर्चीत काढले.

यावर कोणी म्हणेल की पूर्वीचे लोक सुखी, त्यांना विमानाची आशाच नव्हती. हे मला मान्य नाही. आगगाडीने हाच प्रवास मिरज, बेळगाव, हुबळी, अरसीकेरे असा एक रात्र आणि एक दिवस खातो. तेवढा वेळ आमच्यापाशी नव्हता. आणि त्याहून मागे गेले, तर चुकलेल्या वेळेचे मोल किती भयंकर असू शकते याचा दाखला आक्काच्या गावाच्या परिसरातच आहे.

१७९१ च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपूवर चालून श्रीरंगपट्टणापर्यंत आला. अरकेरेपाशी त्याने लढाई जिंकली, पण पाऊस सुरू झाला, दाणावैरण संपली, तोफा ओढणारे बैल पटापट मरू लागले. पश्चिमेकडून जनरल अॅबरक्रोम्बी पेरियापट्टणापर्यंत येऊन ठेपला होता, त्याला मिळण्यासाठी कॉर्नवॉलिस कावेरीच्या काठाने कन्नंबाडीपर्यंत गेला. हे कन्नंबाडी म्हणजे आज जेथे कृष्णराजसागराचे धरण आहे ती जागा, आणि त्या धरणाचा फुगवटा कृष्णराजनगरच्या बाजूला पसरलेला आहे. तेथे त्याचा धीर खचला. पुण्याहून हरिपंत फडके आणि धारवाडकडून परशुरामभाऊ पटवर्धन मोठ्या फौजेनिशी येत आहेत हे त्याला ठाऊक होते. परंतु ते कोठवर आले याचा पत्ता नव्हता, कारण टिपूचे स्वार वाटेत हरकारे अडवीत होते. कॉर्नवॉलिसने आपल्या अवजड तोफा स्वतःच फोडून टाकल्या आणि पाठ फिरविली. थोड्याच दिवसांत मेलकोट्याच्या दिशेने स्वारांचा लोट दिसला. शत्रू म्हणून इंग्रज सरसावले, तो ते मराठे निघाले! बरोबर दाणागोटा होता, बाजार होता, बैल होते. मेलकोटे कन्नंबाडीपासून सरळ रेषेत तीस किलोमीटरांहून कमी आहे. तोफांचे मात्र तुकडे झाले होते. ती मोहीम पुढच्या वर्षावर गेली.

कॉर्नवॉलिसपाशी नकाशे नव्हते असे नाही. त्याला कोणी "कुठवर आली?" याचे उत्तर देऊ शकले नाही, एवढेच. आमच्याकडे उत्तर देणारे यंत्र खिशात होते, आणि तरीही मी अण्णांना आधी आकडाच सांगितला.

आता थोडे आजच्या स्थितीविषयी. म्हैसूरला विमानतळ नाही असे नव्हे. शहराच्या दक्षिणेस मंडकळ्ळीला संस्थानी काळात, १९४० नंतरच्या दशकात, तो केलेला आहे. २०१० साली तेथे नवी इमारत उभी राहिली आणि बंगळूरची सेवा सुरू झाली. ती टिकली नाही. पुढे उडान योजनेखाली २०१७ मध्ये चेन्नईची आणि २०१९ मध्ये गोवा, हैदराबाद, कोचीन यांची विमाने आली. या विमानतळाचा इतिहास असा सुरू होणाऱ्या आणि बंद पडणाऱ्या सेवांचाच आहे. तेथील धावपट्टी १,७४० मीटरांची. दोन पंख्यांच्या सत्तर आसनी विमानाला ती पुरते, मोठ्या जेट विमानाला भरल्या पोटी ती तोकडी पडते. ती लांबवावयाची तर एका बाजूला नंजनगूडकडे जाणारा महामार्ग आड येतो. पुण्याहून मंडकळ्ळीला उतरता आले असते, तर आक्काचे घर तेथून तास-सव्वातासाच्या वाटेवर होते. पाचसहाशे मीटर डांबराच्या अभावी माणसाला सव्वादोनशे किलोमीटरांचा वळसा पडतो, हे सांगताना मला अतिशयोक्ती केल्यासारखे वाटते, पण ती नाही. मात्र नुसत्या धावपट्टीने विमान येत नाही, रोज त्यात बसणारे शंभर-दीडशे लोकही लागतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कृष्णराजनगरहून पुण्यास निघणारी आक्का वर्षातून एखाद्या वेळी निघते.

१२ मार्च २०२३ रोजी बंगळूर-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन झाले आणि तीन तासांचा रस्ता दीड तासावर आला. विमानाच्या वेगात या दहा वर्षांत काडीचाही फरक पडलेला नाही. पूर्वीही ताशी आठशे, आजही तेवढेच. तरी २०२४ च्या डिसेंबरात आक्का नातीच्या लग्नाला आली, ती साडेनऊ तासांत. तीन तास वाचले, ते जमिनीवर वाचले. शहराच्या मधले दोन तास मात्र जिथल्या तिथे होते. तिने आदल्या दिवशी दूरध्वनीवर विचारलेच, "किती लांब रे?" मी म्हणालो, "तू निघ. निघालीस की कळव."

त्या फेब्रुवारीच्या रात्री अण्णा झोपले नाहीत. अकराला विमान उडाल्याचे मी त्यांना सांगितले, सव्वाबाराला उतरल्याचे सांगितले. मग मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. आक्का आली तेव्हा त्यांनी तिला ओळखले. तिचा हात हातात घेतला आणि कन्नडमध्ये काही तरी विचारले. बल्लारीच्या बाजूला त्यांनी नोकरीची पहिली वर्षे काढली होती, हे मी विसरून गेलो होतो. तिने कन्नडमध्येच उत्तर दिले. दोघे काय बोलली ते मी विचारले नाही. चौथ्या दिवशी पहाटे अण्णा गेले.

ती उशाची वही माझ्यापाशी आहे. त्या दिवसाच्या पानावर वर "सुटली १२.३०" आहे, अक्षर वळणदार आणि घट्ट. त्याखाली "येणार ४", ते खोडलेले. मग "७", तेही खोडलेले. मग "१०". हा आकडा खोडण्याचा प्रयत्न दिसतो, रेघ अर्ध्यातच राहिली आहे. पानाच्या अगदी तळाशी, तिरक्या, मोठाल्या, लहान मुलासारख्या अक्षरांत लिहिले आहे: "१.१० आली."